नमुन्याचं पाणी

जळगाव, ४ फेब्रुवारी १९९६

चि. सौ. लतास,

आशीर्वाद. नेहमीचेच आहेत, कमी-जास्त केलेले नाहीत.

तू सरपंच झालीस हे मला परवा एका लग्नाच्या पंगतीत कळलं. सांगितलं कोणी, तर मोतीलाल आबांच्या व्याह्याने. बट्टीवर तूप वाढता वाढता तो म्हणाला, "सुनंदाबाई, तुमची भावजय भोकरवाड्याची सरपंच झाली. पेढे कुठे आहेत?" मी म्हटलं, "येताहेत." कुठून येणार होते, सांग बरं? ज्या घरात मी जन्मले तिथली बातमी मला परक्या माणसाने तुपाच्या वाटीबरोबर वाढावी! जीवराम माझा सख्खा धाकटा भाऊ. दोन ओळी लिहायला त्याचा हात काही मोडला नव्हता.

दोन दिवस माझ्या पोटात दुखत होतं, आणि ते बट्टीमुळे नव्हतं. तुझ्यापाशी काय लपवायचं? भोकरवाड्याची पहिली मॅट्रिक झालेली मुलगी मी. चावडीवरचे अर्ज मी लिहायचे आणि वडील खाली सही करायचे. मोतीलाल आबा तेव्हा आमच्या ओट्यावर बसून म्हणायचे, "ही पोर पोऱ्या ऱ्हाती ते सरपंच व्हती." आता सरपंचाच्या काही जागा बायकांना राखून ठेवायचा कायदा आला, तेव्हा मी जळगावात भाड्याच्या दोन खोल्यांत. आणि खुर्चीवर कोण? साक्रीकडून सून म्हणून आलेली, सातवी शिकलेली, लग्नात नाव घेताना तीनदा अडखळलेली लता. गाव माझं आणि राखीव जागा तुझी. कायदा करणाऱ्याला बहीण नसावी.

आबांनी तुलाच का निवडलं, हे तुला कळतंय ना? पंचायत वीस वर्षं त्यांच्या खिशात आहे. जागा बायकांची झाली म्हणून त्यांनी अशी बाई शोधली की जिला तोंड नाही. बोट ठेवतील तिथे सही करायची, एवढंच तुझं काम. वाईट वाटून घेऊ नकोस, भल्याचंच सांगते. फक्त सही सरळ रेषेत कर. तुझी सही उताराला लागते.

मायला सांग, पायांना लावायचं तेल पाठवते.

तुझी नणंद, जिला कोणी काही केलेलं नाही ती
सुनंदा

*

भोकरवाडे, ता. चाळीसगाव
१९ फेब्रुवारी १९९६

ती. सुनंदाअक्कांना लताचा वाकून नमस्कार.

पत्र पोचलं. चुकलंच आमचं. हे म्हणाले होते, अक्काला कळव. मीच म्हटलं, सही शिकून घेते, मग कळवते. पेढे जीवरामरावांच्या नावाने चाळीसगावहून येणाऱ्या माणसाबरोबर पाठवलेत. (नवऱ्याचं नाव लिहिलं, हसू नका. पंचायतीत रोज लिहावं लागतं.)

तुम्ही म्हणता ते खरं आहे. आबांनी मला तोंड नाही म्हणूनच बसवलं. पहिल्या सभेत मी एक शब्द बोलले नाही. दुसऱ्या सभेत बोलले, आणि तेव्हापासून गावात शिमगा चालू आहे.

अक्का, तुमच्या लग्नानंतर आबांनी नाल्याच्या वरच्या अंगाला गोठा बांधला, तो तुम्ही लांबून पाहिला असेल. आधी पंधरा म्हशी होत्या, आता ऐंशी आहेत. शेण, मूत, म्हशी धुतलेलं पाणी, सगळं नाल्यात. पूर्वी आपला नाला संक्रांतीनंतर कोरडा पडायचा, आता म्हशींच्या कृपेने बारमाही वाहतो. आणि नाल्याला लागूनच गावविहीर. पाण्याला पिवळट झाक आली आहे, वास येतो. खालच्या आळीत घरोघर लेकरांना हगवण आहे. मी सभेत एवढंच म्हटलं की आबांनी शेणखड्डा खणावा आणि गोठ्याचं पाणी नाल्यात सोडू नये, असा ठराव करू.

आबा हसले. म्हणाले, "लता, दूध बठ्ठा गावनं शे, मंग शेण एकलं मन्हं कसं?" सगळे सदस्यही हसले. सातातले चार त्यांचेच. निम्मं गाव त्यांना दूध घालतं, तेव्हा बाहेरही कोणी माझ्या बाजूने बोललं नाही. दुसऱ्या दिवशी आपल्या दोन म्हशींचं दूध त्यांच्या माणसाने परत पाठवलं, फॅट लागत नाही म्हणून. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

शेवटी आबा म्हणाले, पाणी खराब आहे असा सरकारी कागद आण, मी स्वतः खड्डा खणतो. सगळ्यांसमोर म्हणाले. आता त्या कागदावरच सगळं आहे. आपले जावईबापू पाणी तपासतात तिथेच नोकरीला आहेत. नमुना कसा द्यायचा, आधी काय करायचं, हे त्यांना विचारून लिहाल का? ग्रामसेवक आहेत, पण ते आबांच्या ओट्यावर चहा पितात. घरच्या माणसाला विचारावं म्हटलं.

माय म्हणतात, "मन्ही सुनंदा आठे ऱ्हाती ते आबाले कव्हळच गप्प करती." रोज म्हणतात.

लता

*

जळगाव, १ मार्च १९९६

चि. सौ. लतास,

पेढे पोचले. दोन फुटले होते, बाकीचे चांगले होते.

तू मला विचारलंस हे बरं केलंस. इतकी वर्षं त्या घरात मला फक्त लोणच्याचं प्रमाण विचारतात. पत्र मी ह्यांना दाखवलं नाही. ह्यांना कशाला मध्ये घ्यायचं? तिथल्या बाटल्या हेच धुतात, उकळतात, भरतात. बावीस वर्षं जेवताना मी दुसरं काही ऐकलेलं नाही. नमुन्याची रीत मला झोपेत विचार.

तर ऐक. नमुना घ्यायला माणूस येईल त्याच्या आदल्या दिवशी विहीर साफ करून घे. काठ चुन्याने रंगव. काडीकचरा काढ. आणि पंचायतीत पांढरी पावडर येते ती टाक, चांगली दोन डबे, कंजूषपणा करू नकोस. साहेब लोकांना घाण विहीर दिसली की ते नमुना घेतच नाहीत. म्हणतात, आधी साफ करा, मग बोलवा. आपण पाहुण्यासमोर तांब्या ठेवतो तो घासूनच ठेवतो ना, तसंच हे. शहरात हीच पद्धत आहे.

मायला सांग की मी तिथे असते तर आबांना गप्प केलंच असतं. पण नाही ना मी तिथे. तू आहेस.

अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, मी चार दिवस आधी येते. झोका ओट्यापुढच्या निंबालाच बांधायला सांग, त्या मधल्या फांदीला. गावात आता माझ्याकडे सरपंचाची नणंद म्हणून बघतील. काय दिवस आले बघ.

सुनंदा

*

भोकरवाडे, १० एप्रिल १९९६

ती. सुनंदाअक्कांना नमस्कार.

नमुना गेला! तुम्ही सांगितलं तसंच सगळं केलं, थोडं जास्तच केलं. आदल्या दिवशी आम्ही अकरा बायका विहिरीवर गेलो. दोर लावून गाळ काढला, काठाला चुना दिला. मायंनी दुखऱ्या कमरेने बसून रांगोळी काढली. मी दोन डबे पावडर टाकली, वर अर्धा डबा माझ्या मनाने. सकाळी विहिरीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. नमुनावाल्या माणसाला पाच गावं करायची होती, तो घाईत होता. बाटली भरली, बर्फाच्या डब्यात ठेवली आणि खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून गेला. अक्का, पाणी असं दिसत होतं की मलाच वाटलं, हे आपलं नव्हेच.

आबा गोठ्याच्या फाटकात उभे राहून बघत होते. नेहमी आरडाओरडा करतात, त्या दिवशी अगदी शांत होते. मला बरं वाटलं, म्हटलं घाबरले.

एक सांगायचं आहे, रागावू नका. यंदा आखाजीला येऊ नका. मधल्या घराची भिंत उतरवली आहे, झोपायला जागा नाही. मायंना बरं नसतं. आणि एक मेला ग्रामसभा आहे, त्याची धावपळ. पावसाळ्यानंतर निवांत या.

तेल पोचलं. माय तुमचं नाव घेऊनच लावतात.

लता

*

जळगाव, २४ एप्रिल १९९६

सौ. लतास,

आखाजी झाली. शेजारच्या मुलींनी अंगणात झोका बांधला होता. मला म्हणाल्या, काकू बसा. मी पंचेचाळीस वर्षांची बाई परक्या मुलींच्या झोक्यावर बसून माहेरची गाणी म्हटली. दोन गाणी म्हटली आणि तिसऱ्याला घरात आले.

मंदाबाई आपल्या गावची, माझ्याच आळीत राहते. ती आखाजीला जाऊन आली. तिने सांगितलं की भिंत वगैरे काही उतरवलेली नाही. मायची तब्येत ठणठणीत आहे आणि ती तीन सांजोऱ्या खाऊन वर चौथी मागत होती. आणखी एक सांगितलं. वडिलांच्या नावाने पितरांची घागर भरायला तू गावविहिरीचं पाणी घेतलं नाहीस. शेतातल्या विहिरीवरून दीड मैल डोक्यावर घागर आणलीस. म्हणालीस, "ह्या विहिरीचं पाणी मी मामंजींना देणार नाही." आख्खी आळी ऐकत होती, आणि मायने तुझ्या पाठीवरून हात फिरवला.

वडील माझे होते, लता. तू त्यांना पाहिलंस ते सहा वर्षं. त्यांच्या घागरीला पाणी कुठलं, हे तू ठरवणार, आणि मी ते मंदाबाईच्या तोंडून ऐकणार? माझी खुर्ची घेतलीस, आखाजी घेतलीस, आता वडीलही घे. मायचा हात माझ्या पाठीवरून शेवटचा कधी फिरला ते मला आठवत नाही.

तर आता तुझ्यासाठी बातमी. तुमच्या विहिरीचा कागद निघाला. ह्यांनीच पाकीट चिकटवलं. घरी येऊन म्हणाले, "अगं, तुझ्या माहेरचं पाणी आलं होतं, अगदी शुद्ध." कागदावर लिहिलंय, पिण्यास योग्य. सरपंचबाई, अभिनंदन. अकरा बायकांचे कष्ट फळाला आले.

सुनंदा

*

भोकरवाडे, १६ मे १९९६

ती. सुनंदाअक्कांना नमस्कार.

ग्रामसभा झाली. उशिरा लिहिते आहे.

कागद आबांनी स्वतः वाचला. पिण्यास योग्य, हे तीनदा वाचलं. मग विहिरीच्या पाण्याचा तांब्या मागवला आणि सगळ्यांसमोर घटाघटा प्यायले. मला हार घातला. म्हणाले, "आपल्या सरपंचनं पानी काचना मायक नितळ करी दिन्हं, इले मान द्या." लोक इतके हसले की कोंबड्या उडाल्या. ठराव तिथेच मेला. वर चार सदस्यांनी आणि पाचव्या कोणीतरी माझ्यावर अविश्वासाचा अर्ज दिला. गावाची बदनामी केली म्हणून. दहा जूनला मतदान आहे.

तेव्हा ग्रामसेवक उठले. मला वाटलं होतं ते आबांचे. त्यांनी सांगितलं की पावडर टाकल्यावर लगेच घेतलेल्या नमुन्याला काही अर्थ नसतो, पावडरीने सगळं मरून जातं, आणि हे त्यांनी मला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. खरंच सांगितलं होतं, अक्का. विहिरीच्या काठावर येऊन म्हणाले होते, "बाई, पावडर नका टाकू, पंधरा दिवस तरी नका टाकू." मी काय उत्तर दिलं माहीत आहे? मी म्हटलं, "भाऊसाहेब, माझ्या नणंदेच्या घरात त्या बाटल्या धुतल्या जातात. ती काय मला खोटं सांगेल?" सगळ्या बायका माझ्या बाजूने हसल्या. ते मान खाली घालून गेले.

सभेत आबांनी विचारलं, "मंग पावडर टाकाले कोनी सांगं तुले?" माय समोर बसल्या होत्या, पदर तोंडाला लावून. सगळं गाव ऐकत होतं. मी म्हटलं, "कोनी नही. मीच करं." ग्रामसेवकांनी आणि विहिरीवरच्या बायकांनीही तुमचं नाव काढलं नाही.

नव्याने नमुना घ्या म्हटलं तर आबा म्हणतात, एका बाईच्या खुळापायी सरकारला कितीदा बोलवायचं? पावडर कोणी सांगितली, का सांगितली, ते आधी कळू द्या. नाहीतर मला हवा तसा कागद येईपर्यंत मी नमुने पाठवत बसेन, असं ते लोकांना सांगतात, आणि लोकांना पटतं.

तिकडे उखर्डूची नात आजारी पडली. उखर्डू आबांच्याच गोठ्यावर म्हशी धुतो. दीड वर्षाची पोर, हगवणीने डोळे खोल गेलेले. चाळीसगावला नेऊन सहा दिवस सलाईन लावलं. वाचली, पण अजून मान धरत नाही. उखर्डूला म्हटलं, सभेत बोल. तो म्हणाला, "काय बोलू बाई? कागद ते चांगला शे ना."

आता माझंही एक. भिंत उतरवली नव्हती. मायंना बरं होतं. तुम्ही यायला मला नको होतं. इथे प्रत्येक गोष्टीला माय म्हणतात, मन्ही सुनंदा ऱ्हाती ते. भाकरी करपली तरी सुनंदा. ठराव पडला तरी सुनंदा. तुम्ही मॅट्रिक, तुमच्या घरात नळ, तुमचा नवरा सरकारी. मला वाटलं, ही आखाजीला आली की झोक्यावर बसून चार अर्ज लिहील, आबांना दोन गोष्टी सुनावेल आणि लोक म्हणतील, खरी सरपंच ही. एकदा तरी माझं नाव निघू दे म्हटलं. एवढ्यासाठी तुमचं माहेर तोडलं. पाय धरते.

पण अक्का, एवढंच लिहा. पावडरीचं तुम्हाला माहीत नव्हतं ना? तुमचं चुकून झालं ना?

लता

*

जळगाव, २२ मे १९९६

चि. सौ. लतास,

काय हा प्रश्न! मला कसं माहीत असणार? मी बाटल्या धुते का? बाटल्या हे धुतात. बायकांना घरात जे कानावर पडतं, ते अर्धवट पडतं. कोणीतरी कधीतरी म्हणालं असेल की विहीर साफ हवी, तेच मी लिहिलं. तू तरी डोळे मिटून का केलंस? शहाण्या माणसाने सांगितलं होतं ना तुला, समोर उभं राहून? मग त्याचं ऐकायचं. उगाच माझ्या माथी मारू नकोस.

सभेत माझं नाव घेतलं नाहीस ते बरं केलंस. घेण्यासारखं काही नव्हतंच.

आखाजीचं मी मनातून काढून टाकलं. तू माझा हेवा करतेस, हे वाचून मला हसू आलं. आमच्या नळाला दिवसाआड पाऊण तास पाणी येतं.

उखर्डूच्या नातीला भाताची पेज द्या, मीठ घालून.

सुनंदा

*

भोकरवाडे, ३० मे १९९६

ती. सुनंदाअक्कांना नमस्कार.

तुमचं पत्र आलं आणि माझ्या डोक्यावरचा भारा उतरला. मी मायंना मोठ्याने वाचून दाखवलं. माय म्हणाल्या, "मी सांगं व्हतं ना, मन्ही सुनंदा कोनलेबी फसाडाव नही." मग रडल्या. मीही रडले. तुमच्याबद्दल मनात आणलं त्याची मला लाज वाटते. शंका मला आली होती, खोटं का बोलू? पंधरा दिवस मी भाकरी थापताना तुमच्यावर जळत होते. आता काही नाही.

दहा तारखेचं मी ठरवलं आहे. मत व्हायच्या आधीच राजीनामा देते. हे म्हणतात तेच बरं, आबा निदान दूध तरी घेतील. सातवी शिकलेल्या बाईने पाण्यात पडू नये. गावात सगळीकडे माझीच चूक झाली म्हणतात, तर होऊ दे. माझी म्हणून ती संपेल. तुमचं नाव कोणाच्या तोंडी नाही, ते तसंच राहू दे. तुम्ही गावच्या लेक आहात. लेकीचं नाव माहेरात चांगलंच असावं.

परवा बायका विहिरीवर म्हणत होत्या, लता आहे म्हणून एवढं सोसते, दुसरी असती तर चार नावं पुढे केली असती. ऐकून बरं वाटलं. पहिल्यांदाच असं काही ऐकलं.

माय आता रोज पाठीवरून हात फिरवतात.

लता

*

(पोस्टकार्ड)

जळगाव, ३ जून १९९६

प्रति,
ग्रामपंचायत कार्यालय, भोकरवाडे, ता. चाळीसगाव

विषय : गावविहिरीचा नमुना व पावडर

महाशय,

हे मी मुद्दाम कार्डावर लिहिते. पोस्टातल्या नानांनी वाटेत वाचलं तरी चालेल. वाचल्यावर पारावर मोठ्याने वाचावं, ही विनंती. नंतर आवक नंबर टाकून दप्तरी ठेवावं.

पावडर टाकायला मी सांगितलं. पावडरीने नमुना खोटा येतो हे मला चांगलं माहीत होतं. बावीस वर्षं माहीत आहे. लताला सरपंच झालेली मला बघवली नाही म्हणून सांगितलं. माझे यजमान पितांबर यांना यातलं काही माहीत नव्हतं. काल कळलं. ते माझ्या हातचं जेवत नाहीत.

माझ्या एका ओळीने उखर्डूच्या नातीला सलाईन लागलं. पंधरा दिवस विहिरीत काही टाकू नये आणि मग नमुना घ्यावा. आबांनी सगळ्यांसमोर शब्द दिलेला आहे, खराब कागद आला तर खड्डा स्वतः खणीन. तो शब्द त्यांनी पाळावा. लताने राजीनामा देऊ नये. दिला तर तो माझ्या पायी दिला असं समजलं जाईल, हे तिने ध्यानात ठेवावं.

माय, मी फसवलं. रडू नकोस.

आणि लता, तुला स्वतंत्र लिहीत नाही, इथेच वाच. मी हे पश्चात्तापाने लिहिते असं गावाला सांगू नकोस. तुझं पत्र वाचून मला पुन्हा पोटात दुखलं, पहिल्यापेक्षा जास्त. सोसणारी तू, विहिरीवर नाव तुझं, मायचा हात तुझ्या पाठीवर, आणि हे सगळं मिळालं कशावर, तर माझ्या चुकीवर. घर तुला दिलं, शेत तुला दिलं, वडिलांची घागर तुला दिली. भोकरवाड्यात माझ्या नावावर आता काहीही उरलेलं नाही. ही एवढी चूक आहे, ती माझ्या नावावर लिहा.

सुनंदा पितांबर